खाट सतरा

खऱ्या म्हाताऱ्यांना सरावात हलवायचं नाही
असं फायलीच्या तिसऱ्या पानावर मीच लिहिलेलं,
म्हणून आज रात्री दोन वाजता
जुवैना बिन्त हिलाल, वय एक्क्याऐंशी, डावी बाजू लुळी,
ती मी.
गळ्यात लाल चिठ्ठी : उचलून न्यावे.

खरी जुवैना वर खाटेवर,
मी खाली फरशीवर, तिच्याच जादा चादरीत.
कठड्याच्या फटीतून तिने एक डोळा लावला.
तुला काय झालं गं?
मी तू झालेय, म्हटलं माझ्या मोडक्या अरबीत.
तिला पटलं ते.
उजव्या हाताने तिने तसबीह सोडली माझ्या छातीवर,
बरोबर न्यायला.

वादळ अजून कुठेच नाही.
सोहारला मे महिना, मध्यरात्रीही छत्तीस अंश,
आवारातल्या खजुरीचं पान हलत नाही.
पण फायलीत ते निघालंय, समुद्रावरून, आमच्याच दिशेने,
आणि वादीला पाणी आल्यावर
रुग्णवाहिका पुलाच्या पलीकडेच राहणार
हेही तिथे लिहिलंय.
बहात्तर तासांचं डिझेल आहे. मोजलंय मी,
दादकरीमबरोबर, टाकीत काठी बुडवून,
आई रॉकेलच्या डब्यात बुडवायची तशी.

दिवे घालवले.
जनरेटर अकराव्या सेकंदाला लागायचा,
सत्तेचाळिसाव्याला लागला.
तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये कुणीतरी अंधाराला शिवी दिली, मल्याळीत.

शिबू डोक्याकडे, रोवेना पायांकडे.
दोन माणसं, एक चादर, तीन मजले, चार मिनिटं :
हे वाक्य मी खुर्चीत बसून लिहिलं होतं, चहा घेत.
आता पायरीगणिक एकेक मणका
ते वाचत खाली चालला होता.
रोवेनाचा घाम माझ्या घोट्यावर पडत होता.
छत कसं असतं इथलं, सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

पहिल्या मजल्याच्या वरच्या वळणावर
वॉकीटॉकीत कुणी ओरडलं, ऑक्सिजन, ऑक्सिजन.
मला भिंतीशी लावून दोघं वर धावले.
एक मिनिट हां सिस्टर, म्हणाला शिबू.

खाली फाटकाशी दादकरीम नावं वाचत होता.
यादीत मी दोनदा :
एकदा सिस्टर शलाका, एकदा जुवैना.
कुणीतरी म्हणालं, ती आहे ना, मघाशी पाहिली.
एका खुणेत दोघी वाचलो.

वळणावरचा दिवा लागलाच नव्हता.
काळोखात लाल चिठ्ठी लाल नसते.
मला उठता आलं असतं.
हाक मारता आली असती, मिरजेला शिकताना
वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी हाक जायची.
मारली नाही.
जुवैनाची हाक दारापर्यंतसुद्धा जात नाही.
डावा हात हलवला नाही.
वरून पावलं आली, आणि दुसऱ्याच जिन्याने गेली.
किती वेळ, ते घड्याळ माझ्याच खिशात होतं,
डाव्या.

नऊ मिनिटं वीस सेकंद, म्हणाले डॉक्टर साहेब,
गेल्या खेपेपेक्षा तीन मिनिटं कमी.
लबानचे पाकीट आणि केक वाटले.
रोवेनानेच माझ्याकडे बघितलं, आणि तिचा घास थांबला.

पहाटे फायलीत पेनाने लिहिलं :
वळणावर बॅटरीचा दिवा. चिठ्ठीला चमकती पट्टी.
एका माणसाचं नाव एकदाच.
वळणावर कुणाला ठेवू नये. ठेवावंच लागलं तर
नाव घेऊन सांगावं, किती वेळ, आणि
इथे पेन थांबलं.
'परत यावं' हा काही नियम आहे का,
तो लिहावा लागतो का,
लिहिला.

जुवैना जागीच होती.
पोचलो का आपण?
वळणापर्यंत, म्हटलं.
तिने तसबीह घेतली आणि मणी मोजले. तेहतीस.
माझ्याकडे पाहिलं,
आणि परत पहिल्यापासून मोजायला लागली.